ब्रेक ऑइलच्या डबीतला शेंदूर

ती घटना आजही मनातून जात नाही, कारण माझी पत्नी ती जाऊ देत नाही. धाराशिवला आमच्या घरासमोर कुणाची चारचाकी थांबली आणि पाहुण्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला, की माझा प्रश्न ठरलेला असतो, "ब्रेक ऑइल कधी बदललंत?" लगेच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "झाली चौकशी सुरू." पाहुणे हसतात. मी मात्र उत्तर मिळेपर्यंत विषय सोडत नाही. याच प्रश्नानं एकदा एका पोराची नोकरी वाचली होती, हे पाहुण्यांना ठाऊक नसतं.

माझ्या पोलीस सेवेची सुरुवातीची काही वर्षं मुख्यालयाच्या मोटार परिवहन विभागात गेली. अधिकारी म्हणून आम्ही सह्याच करायच्या, पण मला इंजिनाचं वेड होतं, म्हणून गाड्यांखाली शिरायचो. नव्या ड्रायव्हरांना मी एकच गोष्ट घोकून सांगायचो. ब्रेक ऑइल हे लोणच्याच्या बरणीसारखं असतं. ओला चमचा लागला की बरणी गेली. पायडल दाबलं की हेच ऑइल नळ्यांतून पायाचा जोर चाकापर्यंत नेतं. पण ते हवेतली ओल पितं. ओल प्यायलं की लवकर उकळतं, उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पायडल खाली जातं आणि गाडी पुढं जातच राहते. म्हणून दोनेक वर्षांनी ते बदलावं, झाकणावर लिहिलेल्या जातीचंच घालावं, आणि सीलबंद डब्यातलंच घालावं. अर्धी उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवणारे लोक मी पाहिलेत. काटकसर चांगली, पण ती साखरेत करावी.

निवृत्तीच्या थोडं आधी मी परंड्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. ज्वारी निघून रानं मोकळी झाली होती. एके दिवशी दुपारी खबर आली, की डोंगरावरून खाली येणाऱ्या उतारावर एक पांढरी चारचाकी रस्ता सोडून रानात गेली आहे. आम्ही पोचलो तेव्हा गाडी कडब्याच्या गंजीत नाक खुपसून उभी होती. गंजी नसती तर पुढं विहीर होती. गाडी चालवणारा मुलगा विशी-पंचविशीतला. त्याला खरचटलंही नव्हतं. शेजारी बसलेल्या त्याच्या आईचा उजवा हात मोडला होता. बाई विव्हळत नव्हत्या. मुलाचं डोकं चाचपून बघत होत्या.

मुलगा एकच वाक्य म्हणत होता, "साहेब, पायडल खालीच गेलं. ब्रेक लागलाच न्हाय."

पंचनामा झाला, बाईंना धाराशिवच्या दवाखान्यात पाठवलं, आणि क्रेननं गाडी ठाण्याच्या आवारात आणून कडुलिंबाखाली लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आरटीओचे, म्हणजे परिवहन खात्याचे निरीक्षक तपासणीला आले. त्यांनी पायडल दाबलं. ब्रेक दगडासारखा घट्ट. नळ्या पाहिल्या, कुठं कापलेल्या नाहीत, गळती नाही. ऑइलची डबी खुणेपर्यंत भरलेली. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं, की ब्रेक चालू स्थितीत आहेत. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण त्याचा अर्थ असा झाला, की एक तर मुलगा खोटं बोलत होता, किंवा त्याला डुलकी लागली होती.

हे ऐकून मुलाचे वडील ठाण्यात आले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. पांढरं धोतर, टोपी नीट बसवलेली, आणि आवाज असा की ठाणे अंमलदाराचं पेन थांबावं. "माझं पोरगं लबाड न्हाय," ते म्हणाले. "ब्रेकला कुणीतरी काय तरी केलंय. आन् कुणी केलंय ते मला ठावं हाय. पर म्या नाव घेणार न्हाय. तुमी हुडका."

तात्यांना नाव घ्यावं लागलं नाही. त्याच दिवशी ठाण्यात एक फोन आला. बोलणारा तोंडावर काहीतरी धरून बोलत होता, पण वयस्कर होता आणि फार समाधानात होता. म्हणाला, तात्यांच्या धाकट्या भावाचा पोरगा सोनारीच्या जत्रेनंतर एकदा तात्या घरी नसताना त्यांच्या गाडीचं बोनेट उघडून उभा होता. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय साहेब. हात आत घातलेला हुता." एवढं बोलून फोन ठेवला.

आता प्रकरणाला वळण लागलं. दोघा भावांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं होतं. वाटणी झाली होती, बोलणं बंद होतं. तात्यांना खबर कळायला वेळ लागला नाही. गावात बातमी पोलिसांच्या जीपच्या आधी पोचते. त्यांचा निरोप आला, "उद्या येतो. तीनशे सात लावा." म्हणजे तेव्हाच्या कायद्यानं खुनाचा प्रयत्न.

पुतण्याची माहिती काढली तेव्हा प्रकरण किती नाजूक आहे ते कळलं. पोरगा पोलीस भरतीत निवडला गेला होता. आमच्या भागात हे काय असतं, ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी शेकडो पोरं आणि त्यातून यादीत आलेलं एखादं नाव. मैदान झालं, लेखी झाली, वैद्यकीय झाली. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी, आणि तिचा कागद माझ्याच टेबलावर येणार होता. तात्यांनी तक्रारीवर सही केली असती तर मला गुन्हा नोंदवावाच लागला असता. पुढं तो निर्दोष सुटला असता तरी तोवर त्याची जागा गेली असती. माझ्या हातात तात्या येईपर्यंतचा वेळ होता.

मी आधी गावात गेलो. दोन्ही भावांची घरं एकमेकांना लागून, मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीत एक दार. पूर्वी घर एक होतं तेव्हाचं. आता तात्यांच्या बाजूनं त्या दाराला ज्वारीची पोती लावलेली होती. बिजागऱ्या गंजून तांबड्या झालेल्या. धाकट्यांच्या अंगणात गेलो. धाकटे भाऊ गप्प माणूस, त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. अंगणात ट्रॅक्टर होता, शेजारी कडबाकुट्टीचं यंत्र, आणि कोपऱ्यात वडिलांच्या वेळचं, आता बंद पडलेलं ऑइल इंजिन. तिन्हींवर शेंदराचे ठिपके होते आणि त्यांतून तेलाचे ओघळ खाली आलेले. यंत्राला कुंकू-हळद सगळेच लावतात. शेंदूर मी प्रथमच पाहिला. पाहिला आणि विसरलो. पोलिसाच्या डोळ्यांना दिवसभर इतकं दिसतं, की कामाचं काय ते नंतर कळतं.

पुतण्याला ठाण्यात आणलं. त्याला बाकावर बसवलं, कोठडीत नाही. उंच, पळून पळून वाळलेला. बूट काढून दाराबाहेर ठेवून आला, तेव्हाच आमच्या ठाण्याच्या हवालदारांचा अर्धा राग गेला असावा, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

"तात्यांच्या गाडीला हात लावलास?"

"लावला साहेब."

"बोनेट उघडलंस?"

"व्हय."

"कशाला?"

मी दुसऱ्या बाजूनं विचारलं, तिसऱ्या बाजूनं विचारलं. धाक दाखवला, नोकरीची आठवण करून दिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उत्तर आलं नाही. शेवटी म्हणाला, "म्या वंगाळ काय केलं न्हाय साहेब. पर काय केलं ते सांगता यायचं न्हाय."

"कुणाला शब्द दिलाय का?"

यावर त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. उलट मलाच विचारलं, "साहेब, थोरल्या मायचा हात कसा हाय? लई दुखतोय का?"

थोरली माय म्हणजे तात्यांची पत्नी, त्याची चुलती.

हवालदार मला बाहेर घेऊन गेले. "साहेब, दोन फटक्यात बोलंल."

"फटक्यानं बोललं तर आपल्याला पाहिजे ते बोलंल. झालं ते नाही," मी म्हटलं.

हवालदारांना ते पटलं नाही. पण इतक्या वर्षांत मला एक कळलं होतं. गुन्हा केलेल्या माणसाकडं गोष्ट तयार असते. तुम्ही विचारायच्या आत तो सांगतो, की बोनेट का उघडलं, कुणी बोलावलं, किती वेळ लागला. या पोराकडं गोष्टच नव्हती. आणि ज्या घराशी बोलणं बंद आहे, त्या घरातल्या बाईचा हात दुखतोय का, हे तो स्वतःच्या नोकरीच्या आधी विचारत होता. तो कुणाला तरी पाठीशी घालत होता. पण कुणाला आणि कशासाठी, हे तो सांगणार नव्हता. मग सांगायला उरली गाडी.

मी लिंबाखाली गेलो. हवालदार मागून आले, ठाण्याचा ड्रायव्हरही आला. दोघं एकमेकांकडं बघून हसले, हे मला न बघताही कळलं. आमच्या ठाण्यात म्हणायचे, की साहेब आरोपीची झडती नंतर घेतात, आधी त्याच्या गाडीची घेतात.

पायडल दाबलं. निरीक्षकांनी लिहिल्याप्रमाणे घट्ट. गाडी ढकलून पाहिली, सुरळीत हलली. मग मी आत बसून पायडल भराभर दाबलं, सोडलं, परत दाबलं, आणि म्हटलं, "आता ढकला." गाडी हलेना.

"हँडब्रेक लागला आसंल," हवालदार म्हणाले.

हँडब्रेक सुटलेला होता. पाय काढूनही ब्रेक सुटत नव्हता. पुढच्या चाकाजवळ वाकून पाहिलं तर डिस्क निळीकाळी पडलेली. म्हणजे उतारावर गाडी ब्रेक धरूनच धावत होती. चाकं तापली, ऑइल उकळलं, वाफ झाली, आणि नेमका जेव्हा ब्रेक हवा होता तेव्हा पायडल खाली गेलं. रात्रभर गार झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल झालं आणि सकाळी ब्रेक घट्ट लागला. मुलगा खरं बोलत होता आणि निरीक्षकही खरं लिहीत होते. दोघांमधे फक्त एका रात्रीचा गारवा होता.

पण ब्रेक चिकटला का? मी डबीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत एक रबर असतं. ते इतकं फुगलं होतं, की परत झाकणात बसेना, भिजलेल्या हरभऱ्यासारखं. इथंच माझं काम झालं. ब्रेकची रबरं फक्त ब्रेक ऑइलच सोसतात. दुसरं कुठलंही तेल पोटात गेलं की ती फुगतात. झाकणातलं फुगलं म्हणजे आतल्या सिलिंडरमधलीही फुगली, आणि फुगलेल्या रबरानं ऑइल परत यायची वाट बंद केली.

औषधाची पिचकारी मागवली आणि डबीतलं थोडं काचेच्या ग्लासात काढलं. चहा पिऊन होईपर्यंत ग्लासात दोन थर दिसू लागले. खाली ब्रेक ऑइल, वर पिवळसर तेल. आणि तळाशी बारीक केशरी गाळ. मी बोट बुडवून चोळलं. ब्रेक ऑइल कातडीला आणि रंगाला वाईट, तुम्ही हे करू नका. बोटाला केशरी रंग लागला. वास घेतला. करडईचं तेल, जळकी वात आणि कापूर.

"हवालदार, हे काय आहे?"

त्यांनी वास घेतला आणि त्यांचा हात आपसूक छातीला गेला. "साहेब, हे तर देवाचं तेल हाय. शेंदूर हाय ह्यात."

तेव्हा मला धाकट्यांच्या अंगणातला ट्रॅक्टर आठवला.

मारायला आलेला माणूस देवाच्या दिव्यातलं तेल वापरत नाही. त्याला नळी सैल करता येते. हे कुणीतरी भक्तीनं घातलं होतं, आणि पोरगं चौकशी करत होतं ती थोरल्या मायची. मी सरळ जीप काढायला सांगितली आणि धाराशिव गाठलं.

दवाखान्यात बाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. हात प्लास्टरमध्ये, शेजारी लेक बसलेली. लेकीला मी चहा आणायला पाठवलं आणि विचारलं, "बाई, गाडीत देवाचं तेल कुणाच्या हातून घातलंत?"

त्यांनी नकार दिला नाही. आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मालकाला सांगितलं का?"

"अजून नाही."

मग त्या बोलल्या. त्या घराचा नेम होता. सोनारीच्या भैरवाला जत्रेत तेल वाहायचं, तिथल्या दिव्यातलं थोडं शिशीत घरी आणायचं, त्यात चिमूटभर शेंदूर टाकायचा आणि शिशी देव्हाऱ्यात ठेवायची. घरात नवं यंत्र आलं की पहिल्यांदा त्याच्या तेलात देवाचं तेल पडायचं. "सासऱ्यांनी इंजन आणलं तवा घातलं. कुट्टी आणली तवा घातलं. ट्रॅक्टर आला तवा बी घातलं. कधी कशाला काय झालं न्हाय." ते खरंच होतं. ट्रॅक्टरच्या इंजिनात बादलीभर ऑइल असतं, त्यात पळीभर करडईचं तेल गेलं तर त्याला पत्ताही लागत नाही.

"मग वाटणी झाली. देव धाकल्याकडं गेले. शिशी तिकडंच. ही गाडी आली, आन् तिला देवाचं तेलच न्हाय. मालक म्हणायचे, तिकडचं काय बी नको. पोरगं रोज डोंगर उतरतंय. माझ्या जिवाला घोर लागला." त्या थांबल्या. "धाकल्याचं पोरगं म्या वाढवलंय साहेब. त्याची आई बाळंतपणात आजारी पडली, तवा माझ्याच कुशीत ऱ्हायलं ते. त्याला इहिरीवर गाठून सांगितलं, शिशी आण. त्यानं मालक नसताना आणली, आन् समोर जी तेलाची डबी दिसली तीत घातली. म्या त्याला माझ्या गळ्याची आण घातली हुती. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून."

"त्यानं नाहीच सांगितलं," मी म्हटलं. "तो ठाण्यात बसलाय. उद्या त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाची तक्रार होतेय. झाली तर त्याची भरती गेली."

बाईंनी डोळे मिटले. मग विचारलं, "म्हंजी माझा हात देवाच्या तेलानं मोडला म्हना की."

"देवाचा काय दोष? चांगल्या दुधात लिंबू पिळलं तर दोष दुधाचाही नाही आणि लिंबाचाही नाही. जागा चुकली."

"लिहा साहेब," त्या म्हणाल्या. "मालक बोलायचे ते बोलतील. लई तर काय, जेवायचे न्हाईत दोन दिस." जबाबावर त्यांनी डाव्या हातानं सही केली. अक्षरं आडवीतिडवी झाली, पण एकही सुटलं नाही. मला त्या बाईचा फार आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. कोरे कपडे, सोबत मुलगा. मी त्यांना खुर्ची दिली आणि तक्रारीचा कागद न काढता ग्लास पुढं केला. "तात्या, आधी याचा वास घ्या."

त्यांना राग आला. पण पोलीस ठाण्यात रागाला मर्यादा असते. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि तो तिथंच राहिला. तो वास त्यांच्या ओळखीचा असणार, पाळण्यात असल्यापासून. मग त्यांनी तो जपून खाली ठेवला.

"हे आमच्या देव्हाऱ्यातलं तेल हाय."

"तुमच्या गाडीत सापडलं. यानंच ब्रेक गेला." मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. फुगलेलं रबर दाखवलं आणि त्याच जातीचं नवं रबर शेजारी ठेवलं. मुलगा ते बघून खुर्चीत मागं टेकला. कालपासून त्याला लबाड ठरवलं जात होतं. मग मी बाईंचा जबाब वाचून दाखवला.

पुतण्याला आत बोलावलं. त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं. ग्लास पाहिला, रबर पाहिलं, आणि हळूहळू त्याला उमगलं. मला वाटलं होतं, सुटल्याचा आनंद होईल. पोरगं तिथंच खाली बसलं. "म्हंजी मायचा हात म्या मोडला." नोकरीचं नावही त्याच्या तोंडी नव्हतं.

तात्या त्याच्याकडं वळले. म्हणाले, "लेका, मला का न्हाय सांगितलं?"

"तुमी बोलता कुठं तात्या?"

हवालदार उगाच फाइल चाळू लागले. तात्या उठले, पुतण्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं आणि मला म्हणाले, "कागद फाडा साहेब."

"कागद झालाच नाही, तात्या."

परिवहनच्या निरीक्षकांना मी पुन्हा बोलावलं. त्यांनी मोकळेपणानं गाडी परत तपासली आणि ब्रेक ऑइलमध्ये दुसरं तेल मिसळल्याची नोंद केली. प्रकरण अपघात म्हणून बंद झालं. तात्यांना मी बजावून सांगितलं, की नुसतं ऑइल बदलून भागणार नाही. सिलिंडर, चाकांतली रबरं, नळ्या, सगळं नवं बसवा, नाहीतर राहिलेला थेंब पुन्हा तेच करील. पुढं पडताळणीचा कागद आला, तेव्हा 'प्रतिकूल काही नाही' हे शब्द मी स्वतःच्या हातानं लिहिले. इतक्या आनंदानं मी सरकारी कागदावर क्वचितच काही लिहिलं असेल.

ठाण्यातून निघताना तात्या दारात थांबले. "साहेब, एक इचारू? देवाचं तेल मग घालायचं कुठं? न घालून तर जमायचं न्हाय."

प्रश्न रास्त होता. माणसाकडून त्याचा नेम काढून घेतला तर तो चोरून पाळतो, आणि चोरून केलेल्या कामाला कुणी जागा दाखवत नाही. मी थोडा विचार केला आणि म्हणालो, "दाराच्या बिजागऱ्यांना घाला. तिथं कुठलंही तेल चालतं."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी सांगतो, की खबर देणाऱ्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. काय पाहिलं आणि काय वाटलं. फोन करणाऱ्यानं पाहिलेलं सगळं खरं होतं. वाटलेलं सगळं खोटं होतं. आणि गप्प बसलेल्या माणसाला लगेच गुन्हेगार समजू नका. काही माणसं शब्द दिलाय म्हणून गप्प असतात. बाकी ब्रेक ऑइल वेळेवर बदला, हे मी सांगतोच, आणि ते हसतात.

पुढच्या वर्षी सोनारीच्या जत्रेच्या बंदोबस्तावरून परतताना मी त्या गावात चहाला थांबलो. पांढरी गाडी अंगणात होती. मी सवयीनं बोनेटकडं वळलो, तर तात्यांचा मुलगा म्हणाला, "नवं हाय साहेब, सीलबंद डब्यातलं." गाडीच्या दारांच्या बिजागऱ्यांवर केशरी ओघळ होते. आत बाईंनी बसायला पाट दिला, दोन्ही हातांनी. बशीत शेंगदाण्याचा लाडू होता. पुतण्या प्रशिक्षणातून सुट्टीवर आला होता, तो पलीकडून हाक मारत आला.

पलीकडून म्हणजे भिंतीतल्या दारातून. ज्वारीची पोती तिथून हलली होती. मी उठून दाराला हात लावला. वर्षानुवर्षं गंजलेलं ते दार एका बोटानं फिरलं, आवाज न करता. बिजागऱ्यांत बघितलं. शेंदूर होता.

"तात्यांनी सोता घातलं," बाई म्हणाल्या. "गाडीच्या आदी हितं."